गल्लीचे पैसे, आप्पांचं खातं

“हाऊ पैसा मना नही शे, ताई,” आप्पा म्हणाले आणि मोबाइल माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

आप्पा म्हणजे प्रभाकर आहेर. मूळचे नामपूरचे, पण अर्धं आयुष्य नाशकात गेलं. अंबडला त्यांचा गाळा आहे. पत्रा प्रेसखाली घालून गाड्यांना लागणारे छोटे पार्ट काढायचे, हा धंदा. एरवी माझ्याशी ते मराठीच बोलतात, थोडी गावाकडची. अहिराणी निघाली की समजायचं, माणूस हादरला आहे.

मी मोबाइल सरळ केला. इन्कम टॅक्सची नोटीस होती. तुमच्या सेव्हिंग खात्यात वर्षभरात इतकी रोकड भरली गेली, ती कुठून आली ते कागदपत्रांसह सांगा. भाषा नेहमीचीच होती. रक्कम मात्र नेहमीची नव्हती.

“तुमची नाही, मग कोणाची?”

“गल्लीची.”

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं सीएची प्रॅक्टिस करते. पैसे बायकोचे, सासऱ्यांचे, द्राक्षांचे, कांद्याचे, देवाचे असल्याचं मी ऐकलेलं आहे. गल्लीचे पहिल्यांदाच ऐकले.

आप्पांचे गाळ्याचे रिटर्न मीच भरते. हा माणूस टॅक्स पूर्ण भरतो आणि भरताना पूर्ण शिव्या देतो. दर वर्षी समोर बसून तेच भाषण. “मशीन माझं, कर्ज माझं, पहाटे उठायचं मी. नफा झाला की हा न बोलावता पंगतीला. तोटा झाला तेव्हा कुठं होता?” सरकारने सीमा सांभाळावी, पोलीस आणि कोर्ट चालवावं, बाकी लोकांचं लोकांवर सोडावं, असं त्यांचं मत. याला मर्यादित सरकार म्हणतात हे त्यांना मोबाइलवरच्या भाषणांतून कळलं. तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला. मी त्यांना म्हणायचे, “आप्पा, तुमचं राज्य आलं तर माझं ऑफिस बंद पडेल.” ते म्हणायचे, “तुम्हाला गाळ्यावर सुपरवायझर घेऊ.”

तर गल्लीचे पैसे. आप्पांच्या गाळ्यापुढचा रस्ता कोणी करायचा यावर दोन सरकारी ऑफिसांत अनेक वर्षं टोलवाटोलवी चालली होती. माल भरलेला टेम्पो खड्ड्यात आडवा झाला, एका कामगाराचा पाय मोडला. त्या दिवशी आप्पांनी गल्लीतले सगळे गाळेवाले गोळा केले आणि सांगितलं, आपला रस्ता आपण करू. आणि केला. काँक्रीटचा रस्ता, दोन्ही बाजूंना गटार, खांबांवर दिवे, एक वॉचमन. मी तो रस्ता पाहिलेला आहे. काम एक नंबर आहे.

“मग गल्लीच्या नावाने खातं का नाही उघडलं?”

“बँक म्हणाली, नोंदणी पाहिजे. संस्था करा, घटना करा, दर वर्षी हिशोब द्या.” आप्पांनी हात झटकला. “नोंदणी केली की सरकार आत आलं. मग आपण आपलं काय केलं?”

म्हणून या गृहस्थांनी रोख वर्गणी गोळा केली आणि स्वतःच्या सेव्हिंग खात्यात भरली. कॉन्ट्रॅक्टरला चेक त्याच खात्यातून दिले. सेव्हिंग खात्यात वर्षाला दहा लाखांच्या वर रोकड जमा झाली की बँक ती गोष्ट परस्पर डिपार्टमेंटला कळवते. बँकेवर तसं बंधनच आहे. सरकारला दारात येऊ द्यायचं नाही म्हणून आप्पांनी दाराला कुलूप लावलं आणि खिडकी सताड उघडी ठेवली.

वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. फौजदारी खटल्यात तुम्ही गुन्हेगार आहात हे सरकारला सिद्ध करावं लागतं. इन्कम टॅक्समध्ये उलटं. पैसा तुमच्या खात्यात दिसला ना, मग तो कुठून आला हे तुम्ही दाखवायचं. कोणी दिला, त्याची तेवढी ऐपत होती का, आणि व्यवहार खरा आहे का. नाही दाखवता आलं तर तो तुमचाच, हिशोबाबाहेरचा. त्यावर टॅक्स, दंड, व्याज धरलं तर रुपयातले बारा आणे जातात, कधी जास्तही.

आप्पांनी मनातल्या मनात गणित केलं. त्यांचा चेहरा मला पाहवेना. “मोठी प्रेस विकावी लागंल,” ते म्हणाले. त्या एका मशीनवर त्यांचं निम्मं काम चालतं आणि गाळ्यातली निम्मी माणसंही. मग थोड्या वेळाने म्हणाले, “प्रेसचं जाऊ द्या. लोक म्हणतील आप्पानं वर्गणी खाल्ली.”

ही त्यांची खरी भीती होती. माझीही तीच झाली. माणूस हेकट असेल, पण पैशाला इतका स्वच्छ की मला त्याचा राग येतो. असे क्लायंट कमी असतात.

वर्गणी कशी घेतली ते मी विचारलं. आप्पा खुलले. सरसकट नाही घेतली, म्हणाले. ज्याच्याकडे जड मशीन, त्याचा माल जड, त्याच्या गाड्या रस्ता जास्त फोडणार, त्याने जास्त द्यायचं. छोट्या गाळ्याला कमी. प्रेसच्या टनेजवर, म्हणजे तिच्या दाबाच्या ताकदीवर, दर ठरवला होता. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत नाही आली तर वर थोडा दंड.

“आप्पा, याला आम्ही स्लॅब म्हणतो.”

“ह्ये वेगळं हाय.”

“आणि दंडाला लेट फी.”

“ताई, तुम्ही माझ्या बाजूनं हाय ना?”

“आणि कोणी दिलीच नाही तर?”

आप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एक फळा लावला होता. त्यावर थकबाकीदारांची नावं लिहायची. सुरुवातीला चार-पाच नावं होती, ती लाजेने पुसली गेली. एकच नाव कायम राहिलं. विलास पगारे. शेवटच्या गाळ्यात त्यांची टूलरूम आहे, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या डाय, साचे ते बनवतात. त्यांनी एक रुपया दिला नव्हता. रस्ता त्यांच्या दारापर्यंत गेला, कारण अर्ध्यात तोडता येत नव्हता. पण त्यांच्यापुढच्या खांबावर दिवा बसवला नाही आणि वॉचमनला त्यांच्या शटरकडे पाहायचं नाही असं सांगितलं होतं.

सरकार नको म्हणणाऱ्या माणसाने तीनशे फूट लांबीचं एक सरकार चालवलं होतं. नगरपालिका, वसुली आणि थोडासा बहिष्कारसुद्धा. हे मी त्यांना बोलले नाही. फी यायची होती.

आप्पा दुसऱ्या दिवशी रिप्लायचा ड्राफ्ट घेऊन आले. तीन पानं, स्वतः टाइप केलेली. पहिल्या पानावर राज्य म्हणजे काय, दुसऱ्यावर कर म्हणजे काय, तिसऱ्यावर, “जे काम तुमचे होते ते आम्ही केले, तरी उलट आम्हालाच जाब विचारता, ही कोणती नीती?”

मी दोन ओळी ठेवल्या. बाकीच्यावर आडवी रेघ मारली.

“ताई, मुद्दा तर बरोबर हाय ना?”

“असेल. पण समोरच्या अधिकाऱ्याला तुमचं मत नकोय. त्याला सह्या हव्यात.”

सह्या म्हणजे कन्फर्मेशन. प्रत्येक गाळेवाल्याने आपल्या लेटरहेडवर लिहून द्यायचं की मी रस्त्यासाठी इतकी वर्गणी दिली, हा माझा पॅन नंबर, हे पैसे मी इथून आणले. आप्पा निर्धास्त होते. “दोन दिवसांत आणतो. सगळी आपलीच माणसं.”

आठवडा गेला. हाती मूठभर पत्रं. मी फोन केला तर आवाज बसलेला होता. एकाचा सही करणारा भाऊ गावी गेला होता. एकाला लेटरहेड छापून यायचं होतं. एक म्हणाला, माझ्या सीएला विचारतो, आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. ज्याने रस्त्याच्या उद्घाटनाला आप्पांना हार घातला होता तो म्हणाला, “आप्पा, वर्गणी दिली हे खरं. पण लिहून नका मागू.”

कारण मला माहीत होतं. प्रेस चालली की पत्र्याची कात्रण पडते. तिला भंगार म्हणतात. भंगारवाला येतो, वजन करतो, रोख देतो. बिल होतं, कधी कधी. बऱ्याच छोट्या गाळ्यांत हे पैसे वरखर्चाचे म्हणून वेगळ्या डब्यात पडतात, आणि गणपतीची वर्गणी, कामगारांची दिवाळी, चहावाला, सगळं त्यातून निघतं. रस्ताही त्यातूनच निघाला होता. आता कोणी लिहून देणार की मी आप्पांना जी रोकड दिली ती माझ्या हिशोबात कुठेच नाही? मी सीए आहे. त्यामुळे हा परिच्छेद मी लिहिलेला नाही असं समजावं.

आप्पांची स्वतःची वर्गणी तेवढी चेकने होती. भंगाराचं बिलसुद्धा ते न चुकता करतात.

होती ती पत्रं आणि कॉन्ट्रॅक्टरची बिलं आम्ही पोर्टलवर टाकली. हल्ली हे काम फेसलेस असतं. अधिकारी कोणत्या शहरात बसलाय, त्याचं नाव काय, काही कळत नाही. पूर्वी निदान साहेबाचा चेहरा बघून कळायचं की जेवण झालंय की नाही. उत्तरादाखल पुढची नोटीस आली. तिचा मथितार्थ असा: रस्ता झाला हे मान्य. पण तो तुमच्याच गाळ्यापुढे झाला. तुम्ही स्वतःचा बेहिशोबी पैसा त्यात घातला आणि ओळखीच्या लोकांकडून पत्रं आणलीत असं का समजू नये? असा फंड खरोखर होता याला तुमच्या मित्रांखेरीज कोण साक्षी आहे?

प्रश्न चोख होता. मी त्या जागी असते तर हाच विचारला असता.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तुमच्या मित्रांखेरीज. आणि मला फळ्यावरचं नाव आठवलं.

“नाही,” आप्पा म्हणाले. “मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही.”

“तुम्ही नका जाऊ. मी जाते.”

पगारे पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर. गाळ्यात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते तिथलं नीटनेटकेपण. त्यांनी मला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“त्यांच्या बाजूने बोलायला अख्खी गल्ली आहे की, मॅडम. रस्ता त्यांना मिळाला. त्यांना सांगा.”

“ते सही करत नाहीत.”

“का?” त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच हसले. “भंगार.”

मी नोटिशीची प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

“डिपार्टमेंटचं म्हणणं काय आहे नेमकं? आप्पांनी पैसे खाल्ले?”

“खाल्ले असं नाही म्हणत. हे पैसे त्यांचेच, लपवलेले, असं म्हणतंय.”

“म्हणजे चोर म्हणतंय.”

“साधारण तसंच.”

त्यांनी चष्मा खाली ओढला. “मी त्यांना हुकूमशहा म्हणतो. चोर नाही म्हणत. दर महिन्याला स्वतः यायचे मागायला. मी नाही म्हणायचो, ते फळ्यावर नाव लिहायचे. इमानदारीत चाललं होतं दोघांचं.”

“तेवढंच लिहून द्या.”

“की मी पैसे दिले नाहीत?”

“की त्यांनी मागितले, कशासाठी मागितले, सगळ्यांकडून घेतले, आणि तुम्ही दिले नाहीत. तुम्ही त्यांचे मित्र नाही, हेच आम्हाला हवंय.”

असली विनंती त्यांनाही पहिल्यांदाच कोणी केली असणार. त्यांनी चहा मागवला. पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, “देतो. पण मी का दिले नाहीत तेही लिहिणार.”

“एका वाक्यात.”

“एका वाक्यात नाही मावत, मॅडम.”

म्हणजे हेही तसलेच. नोटिशीचं उत्तर म्हणजे भाषणाचं व्यासपीठ असं दोघांनाही वाटत होतं. शेवटी दीड वाक्यावर तोडगा निघाला. पगारेंनी अ‍ॅफिडेव्हिट केलं, म्हणजे शपथेवर लिहून दिलं, आणि आम्ही ते टाकलं. अधिकाऱ्याने ते नुसतं वाचून सोडलं नाही. या माणसाचा जबाब व्हिडिओवर घ्यायचा आहे असं कळवलं. लिंक माझ्या ऑफिसात जोडायची ठरली.

त्या दिवशी आप्पा आणि पगारे माझ्या ऑफिसात दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले होते. मधे प्रिंटर. लिंक काही केल्या सुरू होईना. “कृपया प्रतीक्षा करा” एवढंच स्क्रीनवर. गप्प बसणं असह्य झालं तेव्हा आप्पांनी तोंड उघडलं. आभार मानतील असं मला वाटलं होतं.

“टॅक्स भरता ना तुम्ही पगारे? मग रस्ता का नाय झाला त्यातून? तुमचं सरकार कुठं होतं?”

“मी त्यांच्या मागे लागलो होतो. अर्ज करत होतो. तुम्ही मध्येच वर्गणी काढलीत आणि त्यांना मोकळं सोडलंत. आता दहा वर्षं या गल्लीकडे कोणी ढुंकून बघणार नाही. ते म्हणणार, यांचं हे करून घेतात.”

“तवर गाड्या खड्ड्यात घालायच्या?”

“ते मी नाही म्हटलं.”

“मग काय म्हटलं? वर्गणी म्हणजे आपल्या मर्जीचा पैसा. टॅक्स म्हणजे मानेवर बसून घेतलेला.”

“मर्जीचा?” पगारे म्हणाले. “मग फळा कशाला होता?”

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

पगारेंचा आवाज चढला नव्हता. “आप्पा, मी सरकारी वसतिगृहात राहून आयटीआय केलं. बाप बिगारी काम करायचा. माझी फी, माझं जेवण कोणीतरी भरलं. कोणी ते मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही की त्याच्या पैशावर विलास पगारे जेवला. म्हणून मला कोणापुढे मान खाली घालावी लागली नाही. आता मी भरतो, कोणासाठी ते मलाही माहीत नाही. वर्गणीत तसं नसतं. वर्गणीत देणारा माहीत असतो, आणि तो माहीत करून देतो. आमच्या गावात विहीर लोकांची होती आणि नळ सरकारचा होता. दोन्हींतला फरक मला चांगला माहीत आहे.”

आप्पांच्या गावातही विहीर असणारच. ती कोणाची होती आणि कोणाला तिथे उभं राहता यायचं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग लिंक लागली. अधिकाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज. हिंदीत बोलत होता, बहुधा तरुण. ओळख, पत्ता, धंदा विचारून झाला.

“आहेर जी ने आपसे पैसा माँगा था?”

“हाँ. हर महिने.”

“किस लिए?”

“रास्ता, गटर, लाइट. वॉचमन.”

“आपने दिया?”

“नहीं दिया.”

“बाकी लोगों ने दिया, ये आपको कैसे पता?”

“साहब, बोर्ड पे अकेला मेरा नाम बचा था.”

थोडा वेळ तिकडून टायपिंगचा आवाज आला. मग विचारलं, “आपका और आहेर जी का संबंध कैसा है? कोई दुश्मनी?”

“है,” पगारे म्हणाले.

आप्पा मान खाली घालून प्रिंटरकडे बघत होते.

“तो फिर उनके लिए क्यों बोल रहे हैं?”

“उनके लिए नहीं बोल रहा. पैसा उनका नहीं है, इसलिए बोल रहा हूँ.” मग त्यांनी खाकरून सुरुवात केली, “और साहब, ये काम असल में सरकार का था, इनका करने का...”

“वो रहने दीजिए,” आवाज म्हणाला. “उसकी ज़रूरत नहीं.”

एवढ्यावर संपलं. पगारेंनी बॅग उचलली, मला नमस्कार केला. दारापर्यंत गेल्यावर आप्पा उठले आणि म्हणाले, “चहा घेऊन जा.” पगारे म्हणाले, “गाळ्यावर माणूस थांबलाय.” आणि गेले. मला दोघांचाही राग आला. मग थोड्या वेळाने गेला.

दोन महिन्यांनी ऑर्डर आली. फंड खरा होता हे मान्य केलं होतं. आधार म्हणून पगारेंच्या जबाबाचा उल्लेख होता, “वर्गणी न देणाऱ्या, असेसीशी वैर असलेल्या व्यक्तीचा” असा; असेसी म्हणजे आप्पा. ज्यांनी सही दिली नव्हती त्यांची वर्गणीही बहुतेक आप्पांच्या दरावरून जुळवून मान्य केली होती. स्लॅब कामाला आला. काही थोडी रक्कम उरली, जिचा मेळ बसेना. ती आप्पांच्या उत्पन्नात धरली आणि तिच्यावर बारा आण्यांच्या हिशोबाने टॅक्स लावला. प्रेस विकायची वेळ आली नाही. पण बऱ्यापैकी फटका बसला, जो त्यांचा नव्हता.

“अपील करू,” मी म्हटलं. “चांगली केस आहे.”

“नको. भरून टाका.”

“गल्लीकडून तरी घ्या. त्यांचेच पैसे आहेत हे.”

त्यांनी मीटिंग बोलावली होती म्हणे. रस्ता छान झाला यावर सगळ्यांचं एकमत झालं, टॅक्सच्या विषयावर एकेकाला फोन येऊ लागले. आप्पांनी कोणाला काही म्हटलं नाही. मला मात्र म्हणाले, आणि या वेळी अहिराणी नव्हती, अगदी सावकाश, शुद्ध मराठी होती. “ताई, सरकार कमीच असावं. हे माझं मत बदललेलं नाही. पण ज्या माणसांच्या भरवशावर ते कमी करायचं, ती माणसं आधी बघून घ्यायला पाहिजेत. मी रस्ता बघितला, माणसं नाही बघितली.”

मी व्यवसायाने सांगायचं ते सांगितलं, तेच इथेही सांगते. चार जणांचे पैसे एकाच्या खात्यात ठेवू नका, तो माणूस देवासारखा असला तरी. किंबहुना तसा असला तर मुळीच ठेवू नका. नोंदणी करा, चेकने घ्या, पावती द्या. सरकार मोठं असावं की छोटं यावर भांडायला आयुष्य पडलंय. नोटिशीला उत्तर द्यायला पंधरा दिवस असतात.

आप्पांनी नोंदणी केली. गल्लीची संस्था झाली, स्वतःचं खातं झालं, ऑडिट माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षीचा हिशोब घेऊन ते समोर बसले होते. सगळ्यांची वर्गणी चेकने जमा होती. पगारेंच्या नावापुढे काहीच नव्हतं.

“हे येणे दाखवायचं ना?” मी विचारलं.

“नाही. त्यांचं आलंय.”

“बँकेत तर दिसत नाही. कधी आलं?”

“इथंच दिलं त्यांनी,” आप्पा प्रिंटरपलीकडच्या खुर्चीकडे बघत म्हणाले. “तुम्ही होतात की.”